माळावरची उघडीप

समुद्रात उठलेलं वादळ कोकणात उतरणार आणि तिथून घाट चढून पुण्याच्या अंगावर येणार, असं रेडिओ पहाटेपासून सांगत होता. आणि ते यायच्या आत मैनाला आपल्या आत्याला डोंगरावरून खाली आणायचं होतं. मोहीम म्हणाल तर एवढीच. पण आत्या म्हणजे बायडाबाई, आणि बायडाबाईला तिच्या मर्जीविरुद्ध हलवायचं म्हणजे सिंहगड उचलून पर्वतीशेजारी ठेवण्यासारखं काम!

मैना आधी बुधवार पेठेत मन्सूरभाईंच्या दुकानात गेली. मन्सूरभाई रेडिओ आणि विजेऱ्या विकत, दुरुस्त करत, आणि रविवार आला की शटर ओढून सह्याद्रीत नाहीसे होत. कड्यावर दोर कसा लावायचा हे मैनाला त्यांनीच शिकवलं होतं. तिनं काम सांगितलं तेव्हा त्यांनी फळीवरून दोराचं भेंडोळं काढलं, तीन शिरस्त्राणं काढली, विजेऱ्यांत नवे सेल घातले आणि छोटा ट्रान्झिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेतला.

शेजारचे पुस्तकवाले दीनानाथ पायरीवर उभे राहून हे बघत होते.

"वादळाला सामोरे निघालात वाटतं? पुण्यात वादळ येणार म्हणे. मग तो सह्याद्री काय शोभेला ठेवलाय मध्ये?"

"दीनानाथराव, तुमच्या गच्चीवरचा पत्रा बांधून घ्या," मन्सूरभाई म्हणाले. "आणि पाणी भरून ठेवा. वीज जाईल."

"वीज जायला वादळ कशाला लागतं? ती अशीच जाते," दीनानाथ म्हणाले. पण मैनानं जाता जाता वळून बघितलं, तर स्वारी गच्चीच्या जिन्याकडे निघाली होती. पुणेकर ऐकतो सगळं. कबूल तेवढं करत नाही.

धायरीत मैनाचे वडील हिंदुराव गच्चीवर पाण्याची टाकी दोरानं जखडत होते. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर तेच निघाले असते. एके काळी धायरीची ही सगळी शिवारं त्यांची. आता त्या जागी इमारती उभ्या होत्या आणि एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ते स्वतः राहत होते. थोरल्या बहिणीलाही त्यांनी शेजारचा फ्लॅट देऊ केला होता. "जिन्यानं म्हशी कशा चढवायच्या ते आधी सांग," असं विचारून बायडाबाईनं तो विषय संपवला होता. खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे, डोंगरात, वाघजाईच्या माळावर नवऱ्यानं बांधलेल्या गोठ्यात ती आपल्या म्हशी घेऊन एकटी राही.

हिंदुरावांनी लेकीला बाजूला घेतलं. "आक्काला आण, मैने. म्हशी गेल्या तर जाऊ देत. पण हे तिच्यापुढं बोलू नगंस."

पिकअप हाकायला मैनाचा चुलतभाऊ संपत होता. त्याला डोंगराची माहिती होती आणि तोंडाला विश्रांती ठाऊक नव्हती. पण खडकवासल्याच्या धरणावर पोचल्यावर त्यानं बोलता बोलता गाडी हळू केली. आभाळ शिळ्या भाकरीच्या रंगाचं झालं होतं आणि खाली सगळं पाणी चुकीच्या दिशेनं पळत होतं. पावसाळी वारा पश्चिमेचा; दर वर्षी लाटा धरणाच्या भिंतीवर येऊन फुटतात, हे मैना लहानपणापासून बघत आली होती. आज लाटा भिंतीला पाठ दाखवून डोंगराकडे धावत होत्या. 

"वारा पूर्वेचाय," मन्सूरभाई काच खाली करून म्हणाले. "संपत, जरा पाय दाब."

डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यावर वडाचं झाड आडवं पडलं होतं. संपतनं पिकअप झाडांपासून आणि विजेच्या तारांपासून लांब, उघड्या मैदानात लावली आणि तिघं चालू लागले. पाऊस सुरू झाला तोच तिरपा. ओढ्याला गुडघाभर पाणी असायचं, ते कमरेपर्यंत आलं होतं आणि लाल झालं होतं. मन्सूरभाईंनी वरच्या अंगाला उंबराच्या बुंध्याला दोर बांधला, मैना दुसरं टोक कमरेला लावून पलीकडे गेली. मधोमध पायाखालचा दगड सरकला. ती बुडाली! नाकातोंडात पाणी गेलं, दोर ताणला, आणि पुढच्या क्षणी तिच्या हाताला पलीकडची मुळी लागली. मागोमाग दोराला धरून मन्सूरभाई आले, मग उंबराचा दोर सोडून कमरेला बांधून संपत.

"येताना आत्याला या पाण्यातनं कशी आणायची?" संपतनं विचारलं.

दोर गुंडाळत मन्सूरभाई चढणीला लागले.

चढणीवर वाऱ्यानं त्यांना खिंडीत गाठलं. उभं राहवेना, म्हणून शेवटचा टप्पा तिघांनी अक्षरशः चार पायांवर पार केला. माळावर डोकं वर काढलं, तेव्हा समोर गोठा, गोठ्यात दावणीला ओळीनं म्हशी, आणि दारात डोक्यावर इरलं घेतलेली बायडाबाई उभी.

"यवढ्या पावसात कशापायी आलायसा?" तिनं विचारलं. "चहाला दूध काढलंय, आत या."

"आत्या, वादळ येतंय. तुला न्यायला आलो."

"वादळ काय मी बघितलं न्हाय व्हय? साठ पावसाळं काढलं ह्या डोंगरात. ह्या गोठ्याचा दगूड हालला न्हाय."

खोटं काहीच नव्हतं. गोठा या डोंगरातल्या शहाणपणानं बांधलेला होता. पश्चिमेला दोन हात जाडीची, चुन्यात बांधलेली दगडी भिंत, पुरुषभर उंच, उत्तर-दक्षिणेला कुडाच्या भिंती, वर पत्रे, आणि पूर्वेचं अंग सताड उघडं. "पाठ पावसाला, तोंड उन्हाला," असं तिचा नवरा म्हणायचा. इथली घरं, गोठे, देवळंसुद्धा पश्चिमेला पाठ करून बसलेली. एरवी आषाढात बाहेर प्रलय चालला असला तरी या गोठ्यात चुलीची ज्योत हलत नसे. आज मात्र वारा सरळ दारातून आत येत होता आणि चुलीतली राख म्हशींच्या डोळ्यांत जात होती.

"आक्का," मन्सूरभाई म्हणाले, "आपला गोठा बरोबर आहे. वाराच आज चुकीच्या बाजूनं आलाय. तो आत शिरला की खालून छप्पर उचलणार. खाली उतरायची वेळ तर गेलीच, ओढा चढलाय. निदान जनावरं सोडा. बांधलेलं जनावर छपराखाली मरतं. मोकळं असलं तर आपली जागा शोधतं."

"आन कड्यावनं गेली तर? तुमी आणून देणार?"

 पत्रा एकदा फुगला, खाली बसला. पुन्हा फुगला. मधला खांब करकरला आणि त्याच्या बुडाशी जमीन हलली. बायडाबाईनं वर बघितलं, मग म्हशींकडे बघितलं. तिनं कनवटीचा विळा काढला, सगळ्यांत थोरल्या तानीच्या मानेवर एकदा हात फिरवला आणि दावं कापलं.

"जा माझे आई," ती म्हणाली.

मग चौघांनी मिळून दावी कापली. तानी पुढे, बाकीच्या मागे. म्हशी पावसात शिरल्या आणि चार पावलांवर दिसेनाशा झाल्या. शेवटचं रेडकू दारातून बाहेर पडलं, आणि छप्पर गेलं!

आवाज झाला तो तोफेसारखा. पत्रे एकदम उठले, हवेत उलटे झाले आणि भिंतीवरून पश्चिमेकडे निघून गेले. एका पत्र्याची कड संपतच्या खांद्याला फाडून गेली. "भिंतीमागे!" मन्सूरभाई ओरडले. "पलीकडच्या अंगाला!" ज्या बाजूला पावसाळ्यात कुत्रंही बसत नाही, त्या पश्चिमेच्या बाजूला, दगडी भिंतीच्या पायथ्याशी चौघं जाऊन पडले. मैनानं सगळ्यांच्या कमरेला दोर घेतला, गाठी मारल्या, संपतच्या खांद्यावर ओढणी आवळली, शिरस्त्राण स्वतःच्या डोक्यावरून काढून आत्याच्या डोक्यावर बसवलं, आणि गोधडीत शिरावं तशी तिला बिलगली.

त्यानंतर जे सुरू झालं, त्याला वारा हा शब्द तोकडा आहे. वारा येतो आणि जातो. हा येतच राहिला. भिंतीवरून पाणी आडवं वाहत होतं, जमिनीला न शिवता. माळावरची गवताची पातीच काय, मातीसुद्धा उडून चालली होती. समोरच्या उतारावरचं जांभळीचं झाड मैनाच्या डोळ्यांदेखत गोल गोल पिरगळलं आणि मुळांसकट उठून दरीत गेलं, आणि पडल्याचा आवाजही ऐकू आला नाही, कारण आवाज एकच उरला होता, तो चोहोबाजूंनी, दगडातून, दातांतून येत होता. मैनाला भीती वाटत होती, चांगली सणकून वाटत होती. पण भीतीच्याही वर दुसरं काहीतरी होतं. आपण किती लहान आहोत हे तिला आयुष्यात पहिल्यांदा नीट कळत होतं, आणि कुणास ठाऊक का, त्यानं डोळे भरून येत होते. आत्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. वाघजाईचं नाव असेल असं मैनाला वाटलं. कान लावला तर ती म्हशींची नावं घेत होती.

आणि मग ते थांबलं.

कुणी दार लावावं तसं थांबलं. पाऊस सरला. ढग फाटले आणि माळावर ऊन पडलं. स्वच्छ, धुतलेलं, पिवळं ऊन! चौघांनी माना वर केल्या. डोक्यावर निळं आभाळ होतं, आणि त्याच्या भोवती, लांबवर, ढगांची पांढरी भिंत गोल उभी होती, विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघावं तशी.  इतकं सुंदर काही मैनानं कधी बघितलं नव्हतं.

"उघडीप झाली," आत्या म्हणाली आणि उठून बसली. "सोड मला. म्हशी आणते."

उघडीप! या शब्दावर इथली माणसं जगतात. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पेरायचं, उघडीप मिळाली की छप्पर शाकारायचं, सरपण वाळवायचं, गुरं हिंडवायची. उघडीप दवडणारा माणूस आळशी. बायडाबाईनं जन्मात एक उघडीप वाया घालवली नव्हती.

"आत्या, थांब. ही उघडीप नाही. रेडिओवर सांगत होते, वादळाला मध्ये डोळा असतो..."

"डोळा आसंल न्हायतर कान. ऊन पडलंय मला दिसतंय."

"मलाबी वाटतं संपलं," संपत म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उतरू या."

मन्सूरभाईंनी ट्रान्झिस्टर कानाशी लावला. नुसती खरखर. आत्या कमरेची गाठ सोडू लागली. भिजून ती दगड झाली होती.

"मैने, सोड."

"नाही सोडणार. जायचं तर मला ओढत ने."

"तानी पंधरा वर्सं दूध देतीया मला. मी तिला ह्या हातानं हाकललं. ती कुठं पाय मोडून पडली आसंल, आन मी हितं ऊन खात बसू?"  आत्यानं कनवटीचा विळा काढला आणि दोराला लावला.

मैनानं विळ्याच्या पात्यावर स्वतःचा हात ठेवला. "आत्या, बाबांना काय सांगू मी? तू गेलीस तर त्यांना नावानं हाक मारणारं थोरलं कुणी राहील का?"

विळा थबकला. पण खाली आला नाही. आत्या हट्टाची, भाचीही तिचीच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या मध्ये आभाळातून काहीतरी पडलं.

एक पाखरू होतं. पाठ काळसर, पोट पांढरं, शेपटीला कात्रीसारखी फाक. चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. बायडाबाईनं ते अलगद उचललं. डोंगरातलं प्रत्येक पाखरू तिला नावानं ठाऊक. हे मात्र ओळखीचं निघेना.

"हे कुठलं ग बाई?"

मन्सूरभाईंनी बघितलं आणि ते खाली बसले. "आक्का, हे समुद्राचं पाखरू आहे. माझ्या सासुरवाडीला, मुरूडला, होड्यांच्या मागं फिरतात ही. जमिनीवर कधी येत नाहीत." त्यांनी वर बोट केलं. "ते बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. निळ्या आभाळाच्या त्या विहिरीत पाखरंच पाखरं फिरत होती! लहान पांढरी, मोठी काळी लांब पंखांची, शेकड्यांनी, एकही आवाज न करता. गोल गोल. ढगांच्या भिंतीपाशी जात होती आणि परत फिरत होती. सह्याद्रीच्या माथ्यावर, पुण्याच्या उशाशी, समुद्र येऊन घिरट्या घालत होता. संपतनं नकळत हात जोडले.

"समुद्र किती लांब हाय हितनं?" आत्यानं विचारलं.

"घाट उतरून बराच लांब."

"आन ही आपणहून आली?"

"नाही. वादळाच्या डोळ्यात सापडली. भोवती वारा, बाहेर पडता येत नाही. डोळा जाईल तिकडं जायचं."

बायडाबाई बराच वेळ वर बघत राहिली. ओंजळीतलं पाखरू थरथरत होतं. मग तिनं विळा कनवटीला खोचला.

"उघडीप असती, तर ही घरला गेली असती," ती म्हणाली.

एवढं बोलून ती कामाला लागली. "वारा आता कंच्या अंगानं येणार?"

"उलट्या. पश्चिमेकडून."

"म्हंजे आमच्याच बाजूनं. मग भिंतीच्या आत चला. झटझट."

मघाशी त्यांनी भिंतीची पाठ धरली होती, आता पोट धरायचं होतं. चौघं भिंतीला वळसा घालून मोडक्या गोठ्यात शिरले. मोडके वासे आणि पत्र्यांचे तुकडे संपतनं एका हातानं लांब फेकले. मन्सूरभाईंनी दोर भिंतीतल्या दावणीच्या लोखंडी कड्यांतून ओवला. आत्यानं पाखरू पदरात गुंडाळून पोटाशी घेतलं. ऊन विझलं. पश्चिमेच्या खोऱ्यातलं रान आधी घुमलं, मग गरजलं. ढगांची भिंत माळावर चढली, आणि पाखरांचा तो सगळा थवा तिच्यापुढून पूर्वेकडे सरकत दिसेनासा झाला.

आला!

भिंत हादरली. माथ्यावरचे दोन दगड सुटून त्यांच्यापुढं चिखलात रुतले. पाणी, फांद्या, झाडाचा एक अख्खा बुंधा त्यांच्या डोक्यांवरून गेला. मैनानं डोळे मिटले. पण दोन हात जाडीच्या दगडांना तो वारा बाहेरून धडका देत राहिला आणि आत, बुडाशी, मैनाच्या गालाला ऊब लागत होती. आत्याच्या श्वासाची. म्हातारी हसत होती.

"ह्याला वळखते मी," ती मैनाच्या कानात ओरडली. "हा माझ्या वळखीचा हाय. मालकांनी भिंत ह्याच्यासाठीच बांधली."

दिवस मावळायच्या सुमाराला वारा दमला. मग साधा पाऊस लागला, उभा, नेहमीचा. तोही थांबला. ढगांत जरा उजेड झाला. मैनानं आत्याकडे बघितलं. आत्या हलली नाही. तिनं पदर उघडला आणि पाखराकडे बघितलं. ते मान वर करून पंख झटकत होतं, पदरातून निसटू बघत होतं.

"आता हाय उघडीप," बायडाबाई म्हणाली आणि उठली.

माळाच्या कडेला उभं राहून तिनं हाळी दिली. दरीतून काही आलं नाही. तिनं पुन्हा हाळी दिली, तेव्हा मैनानं तिचा हात धरला. तिसऱ्या हाळीला खालून, घळीतल्या करवंदीच्या जाळीतून, तानीचं घोगरं, रागावलेलं हंबरणं आलं. विजेरी मारून बघितलं, तर म्हशी एकमेकींना चिकटून, डोकी आत आणि ढुंगणं बाहेर करून उभ्या होत्या. अंगावर ओरखडे होते, पण उभ्या होत्या. शेवटचं निघालेलं ते रेडकू मात्र नव्हतं. त्याच्यासाठी बायडाबाई तिथंच चिखलात बसून मोकळेपणानं रडली, आणि कुणी तिला उठ म्हटलं नाही.

ओढा उतरल्यावर सगळी वरात धायरीला आली. हिंदुरावांनी बहिणीला बघितलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हशी इमारतीच्या पार्किंगमध्ये बांधल्या. दुसऱ्याच दिवशी तिथं पाटी लागली: "ही जागा फक्त चाकाच्या वाहनांसाठी आहे." तानीनं ती खाऊन टाकली.

पाखरू मन्सूरभाईंकडे होतं, रेडिओच्या खोक्यात, भोकं पाडून. मंडईतले बारीक मासे त्याला रोज मिळत. घाटाचा रस्ता मोकळा झाल्याबरोबर ते सासुरवाडीच्या माणसांची खबर घ्यायला मुरूडला निघाले; जाताना धायरीला थांबले, तेव्हा बायडाबाईनं खोक्यावर हात ठेवला. "तिला माहेरी सोडा," ती म्हणाली. "आन सोडल्यावर मला कळवा."

संध्याकाळी फोन आला. हिंदुरावांनी तो बहिणीच्या कानाला लावला.

"सोडली, आक्का."

"लगीच उडाली?"

"नाही. आभाळ मोकळं होतं, वारा पडलेला होता, तरी हातावर बसून राहिली. चारी बाजूंना बघत होती. मग गेली."

"शिकली म्हणायची," बायडाबाई म्हणाली. मग तिनं फोन भावाच्या हातात दिला आणि पदर खोचला. "हिंदुराव, उद्या गुडघं बांधून माळावर माझ्याबरुबर चल. दगूड बघायचाय. यंदा भिंत पूर्वेच्या अंगालाबी घालणार मी."